सत्ताविसाव्या पानावरचं फूल

जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी परग्रहांच्या कादंबऱ्या शोधत असतो. परवा एक मिळाली, बंद पडलेल्या वाचनालयाचा शिक्का असलेली. दुकानदार काका म्हणाले, "आत पेनाच्या खुणा आहेत बरं का. कोरी बघू का दुसरी?"

मी चाळून पाहिली आणि म्हणालो, "हीच द्या."

वाचनालयातली मंडळी आपल्या ठरलेल्या पानावर बारीकशी खूण करून ठेवायची. वाचलेलं पुस्तक मग चुकून पुन्हा घरी येत नसे. माझी आईही करायची. या कादंबरीत सत्ताविसाव्या पानावर कुणीतरी पाच पाकळ्यांचं फूल काढलं होतं. शेजारीच तेच फूल पुन्हा होतं, पण थरथरत्या हातानं काढलेलं. मधे बरीच वर्षं गेली असावीत. पहिलं फूल दिसल्यावर पुस्तक फळीवर परत ठेवायचं, एवढाच तर नियम. पण हात थकल्यावर त्या माणसाला दोन सूर्यांच्या त्या ग्रहावर पुन्हा एकदा जाऊन यावंसं वाटलं होतं, शेवट माहीत असूनही.

काल रात्री कादंबरी वाचून संपली. मी त्या फुलांच्या खाली एक छोटी चांदणी काढली, आणि तिच्या शेजारी थोडी जागा मोकळी ठेवली.