फेस म्हणजे मेलेले जंतू

आमच्या समाजसुधारक विद्यार्थी मंडळाचं प्रथमोपचाराचं पत्रक मी लिहिलेलं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय रसायनशास्त्र, आणि अख्ख्या डोंबिवलीत आपल्याइतकं कुणालाच कळत नाही याची खात्री. पत्रकात एक ठळक ओळ होती: ‘जखमेत हळद कोंबू नका, हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. पांढरा फेस येतो तो मेलेल्या जंतूंचा!’ ओळ कुठल्या पुस्तकातून घेतली? कुठल्याच नाही. फेस येताना पाहिला होता, त्यावरून ठोकून दिली.

खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या एक मावशी पश्चिमेच्या बाजारात मासे विकायला बसायच्या. आमच्या घरी मासे त्यांच्याकडूनच यायचे. एकदा सुरमई कापताना कोयता निसटला आणि डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारी, बेचक्यात, खोल चिरलं. मासा धरायचा तो हात. त्यांनी हळद दाबली होती. मी पत्रकं वाटत तिथे पोचले, भर बाजारात ती हळद धुऊन काढली, वर व्याख्यान झोडलं आणि पिशवीतल्या तपकिरी बाटलीतलं पेरॉक्साइड ओतलं. जखम फसफसली.

“बघा, मरताहेत.”

“अगो, एवढे मेले तं हातान आता कोन ऱ्हायला?” मावशी म्हणाल्या. शेजारच्या पाट्यांवरच्या बायका हसल्या.

दिवसातून दोनदा, न चुकता, असं मी बजावलं. बाटली त्यांच्याकडेच ठेवली. ती संपल्यावर दुसरी नेऊन दिली.

पंधरा दिवस झाले तरी जखम मिटेना. कडा पांढऱ्या, मऊ पडलेल्या, मधलं तोंड तसंच लाल. अंगठ्याची पकड होत नव्हती. गिऱ्हाइकं तो हात बघायची आणि पुढच्या पाटीकडे सरकायची. बाजारातली जागा चार दिवस रिकामी दिसली की पाचव्या दिवशी तिथे दुसरी कुणी बसते. म्हणून मावशी रोज येत, बसून राहत आणि मासा कापायला शेजारणीची विनवणी करत. ज्या बाईने कधी कुणाचा कोयता मागितला नव्हता, तिने.

मी काय केलं? चिडले. पत्रक चुकणं शक्य नव्हतं, मग बाईच चुकली असणार.

“तुम्ही हात खाडीच्या पाण्यात घातला असणार.”

“नाय गो. पिशवी बांधून ठेवतंय. आंघोलीला पन हात वरच धरतंय.”

“खोटं बोलू नका, मावशी. तुमच्या लोकांचं असंच असतं. सांगितलेलं करायचं नाही आणि मग औषधाला नावं ठेवायची.”

‘तुमच्या लोकांचं’. हे मी म्हटलं. समतेवर तीन पत्रकं लिहिणारी मी. मावशींनी हात पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांना पालिकेच्या दवाखान्यात मीच नेलं. काळजीने नेलं असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण नेलं ते त्यांची चूक सिस्टरांकडून वदवून घ्यायला. सिस्टरांनी पट्टी सोडून पाहिली, नवी बांधली, मावशींना बाहेर बाकावर बसवलं आणि मला थांबवलं.

“हे रोज कोण ओततंय?”

“मी सांगितलं. फेस येतो म्हणजे जंतू...”

“फेस बाईंच्या रक्तामांसाचा आहे. घरी जा, बटाटा चीर, त्याच्यावर ओत. मग मला सांग बटाट्याला कुठले जंतू झाले ते.”

मग त्यांनी समजावलं. ते जळजळीत पाणी शरीर स्वतःच बनवतं. जखमेत शिरलेला जंतू पांढऱ्या पेशी गिळतात आणि आतल्या आत त्याच्यावर तेच सोडतात, लागेल तेवढं. सांडलेलं निस्तरायलाही पेशींकडे सोय असते. एक पदार्थ त्याचं साधं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतो. तो सुटणारा ऑक्सिजन म्हणजे फेस. म्हणजे पेशी जीव वाचवत होत्या आणि मी ते बघून टाळ्या पिटत होते.

“एखाद्या वेळी चालून जातं,” सिस्टर म्हणाल्या. “पण जखम भरायला कडेनं कोवळ्या पेशी येतात. त्यांना तू रोज दोनदा भाजत होतीस. पाण्याने धुवायचं, झाकायचं, बास.”

हल्ली दुकानांत अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांच्या जाहिराती दिसतात. ऑक्सिडंट म्हणजे शत्रू, गोळी घ्या, निरोगी व्हा. मला माझंच पत्रक उलटं छापल्यासारखं वाटतं. पेशीला मारणारंही लागतं आणि आवरणारंही. अलीकडे तर असंही वाचलं की मारणाऱ्याची अगदी थोडी मात्रा पेशींना वाढायला उठवते. एका ओळीत बसत नाही ते. मला मात्र एका ओळीत बसेल तेवढंच खरं मानायची सवय होती.

बाहेर बाकावर मावशी वाट बघत होत्या. मी त्यांना म्हटलं, “आता नवी पद्धत निघालीय. बाटली बंद.” सत्याच्या नावाने भिंती रंगवणारी मी, दारापासून बाकापर्यंतच्या चार पावलांत हे जुळवून मोकळी झाले. घरी बटाट्यावर फेस आला. आईने विचारलं, भाजीत घालू का. नको म्हटलं.

आठ-दहा दिवसांत जखम मिटली. मावशी पुन्हा कोयता चालवू लागल्या आणि येईल त्याला सांगू लागल्या, “पोरीचा नवा इलाज लागू पडला.” माझ्यासाठी त्यांनी खाडीतल्या निवट्या माशांचा वाटा काढून ठेवला. मी तो घेतलाही.

मग एका सकाळी शेजारच्या पाटीवरच्या बाईने मला थांबवलं. खाडीत कालवं काढताना तिचा पाय कापला होता. “मना पन दे ती फेसवाली बाटली. तुज्या कागदान लिवलंय ना.”

आता पळायला जागा नव्हती.

“ती ओळ चूक आहे,” मी म्हटलं. “पाय दवाखान्यात दाखवा. मावशींची जखम माझ्या बाटलीमुळेच भरायची राहिली होती. खाडीमुळे नाही.”

मावशींचा कोयता थांबला.

“मंग मी हात पान्यान घातला नव्हता, ते तुला कवा पटला?”

“सिस्टरांनी सांगितलं तेव्हा.”

“म्हंजे सिस्टरचा पटला. माजा नाय.”

एवढी पत्रकं लिहिली, पण माफीचं वाक्य कधी लिहायची वेळच आली नव्हती. “चुकलं माझं, मावशी,” एवढंच तोंडातून आलं.

“हो बाजूला,” त्या म्हणाल्या, “गिऱ्हाईक उभा हाय.”