रुईवरचा सुरवंट

सौदीतल्या राबिघच्या रिफायनरीत चौदा वर्षं स्टोअर सांभाळलं. माझ्या जागी सौदी माणूस आला, मी किल्ल्या दिल्या, सही केली, खलास. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. फायनल एक्झिटचे, म्हणजे कायमचं देश सोडायचे, कागद व्हायला महिना लागणार होता. तोवर खोलीवर बसा, म्हणाले.

आम्हा कामगारांच्या कॅम्पात एक रिवाज होता. तिकीट हातात पडेपर्यंत घरी नोकरी गेल्याचं अवाक्षर काढायचं नाही. आधी कळलं की गावभर होतं, आणि माझ्या मुलीची सोयरीक जमत आली होती. बायकोला रोज संध्याकाळी फोनवर सांगायचो, ड्युटी चालू आहे.

त्या शुक्रवारी आम्ही पंधराजण डोंगरात चालायला गेलो. तो माझा निरोपच होता, पण तसं कोणी म्हणालं नाही. रत्नागिरीचे फोरमनचाचा पुढे, मी सगळ्यात मागे. वादीच्या, म्हणजे तिथल्या पावसाळी नदीच्या, कोरड्या पात्रात रुईचं झुडूप दिसलं. शनिवारी मारुतीला वाहतो तीच रुई. पानावर काळा-पांढरा-पिवळा पट्टेरी सुरवंट होता. मी पानासकट उचलून डब्यात ठेवला. का, ते आजही सांगता येणार नाही.

"अरे, लोक घरी सोनं नेतात, तू किडा नेतोस?" चाचा म्हणाले.

लोणच्याच्या बरणीत त्याला ठेवलं, तोंडाला जुन्या बनियनचं फडकं बांधलं. कॅम्पाच्या कुंपणामागे रुई होतीच. तो खादाड इतका की दिवसाला तीन पानं फस्त. फोनवर बायकोला सांगायला निदान एक खरी गोष्ट मिळाली. आज कात टाकली, आज कोष केला, हिरवा, वर सोनेरी ठिपके. तीही चवीने ऐकायची.

एका मंगळवारी कोष फुटला. नारिंगी फुलपाखरू, पंखांच्या टोकांना काळं-पांढरं. पुढे कळलं, अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराच्याच जातकुळीतलं. पंख वाळेपर्यंत तासभर समोर बसलो, मग खिडकी उघडली. ते गेलं. तेव्हाही काही वाटलं नाही.

संध्याकाळी फोनवर सगळं बायकोला सांगितलं. सकाळी दहाला कोष कसा तडकला, इथपासून.

ती म्हणाली, "मंगळवारी सकाळी दहाला तुम्ही खोलीवर?"

मी रिकामी बरणी उचलून खाटेखाली सरकवली.

"तिकीट कधीचं आहे?"

"पुढच्या आठवड्यातलं असेल," मी म्हणालो आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू फुटलं.

तिने ते थांबू दिलं. मग म्हणाली, "किड्याचं तेवढं रोज सांगत होतात."