वयनीचा लोण

वयनी गेली हे मला माझ्या मोबाईलने सांगितलं होतं, पण मला कळलं नाय. मी कशेळीला टेम्पोत अडकलो होतो. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मधे मी. तेवढ्यात ग्रुपवर वयनीचा फोटो आला. हार घातलेला, खाली चार ओळी. मला अक्षर वाचता येत नाय, मी चित्रं बघून मोबाईल चालवतो. हार म्हणजे वाढदिवस, नायतर कुठेतरी सत्कार असंल, असं समजून मी आधी केक पाठवला, मग टाळ्या, मग तो टोपी घातलेला शिट्टीवाला. पाच मिनटात लेकीचा फोन. "बाबा, काय पाठवलंत ते? काकी गेली." पुढचा ट्रेलर सुटला, मागचे हॉर्न मारत होते आणि पंचवीस वर्षं गाडी चालवणारा मी गिअर कुठे असतो ते विसरलो...

दापोड्याला पोचलो तर वयनीचा मुलगा राजेश ओट्यावर बसला होता. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, कारण केक सगळ्यांना पोचला होता. मी कसंबसं म्हटलं, "राजा, ते केकचं..." तो म्हणाला, "राहू दे काका. आईला आवडला असता." मग तो रडला. मग मीही.

आता दीड महिना झाला. पेपरच्या पुरवणीवाले म्हणाले, वयनीवर लिहून द्या. मी म्हटलं, चुकीच्या माणसाकडे आलात. पण लेक म्हणाली, तुम्ही बोला, मी लिहिते. ती मधेमधे माझी भाषा धुवायला बघते. मी तिचा हात धरतो.

वयनी म्हणजे सोनुबाई. आम्ही सगळे वयनीच म्हणायचो, तिच्यापेक्षा मोठे होते तेही. तिच्या नवऱ्याचा लूमचा गाळा होता. तो गेला, लूम भंगारात गेले, गाळा मोकळा पडला. गाळ्याच्या मागच्या भिंतीला लागून गावचं मैदान. तिथे दरवर्षी भात कापून झाला की कबड्डीचे सामने. पेण, वसई, पालघर, शहापूर, कुठून कुठून संघ यायचे आणि प्रत्येक संघामागे टेम्पो भरून त्याची माणसं. संघाची सोय मंडळ करायचं. माणसांची कोण करणार? भिवंडी एवढं मोठं शहर, पण लॉजवाल्याने गळ्यात संघाचा रुमाल बघितला की त्याच्या सगळ्या रूम भरायच्या. माणसं टेम्पोखाली झोपायची आणि वडापाव खाऊन ओरडायची. वयनीने ते बघितलं आणि गाळा झाडून घेतला. चटया टाकल्या, मोरी बांधली, चूल मांडली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट, आणि प्यायला ताक. पहिल्याच वर्षी उरणचा एक जण लाजत लाजत म्हणाला, "वयनी, ताकाशिवाय दुसरं काय?" वयनी म्हणाली, "दुसरं हायवेवर. येताना तोंड धुवून ये, नायतर तुझी भाकर कुत्र्याला."

दुसऱ्या वर्षी तिला पाटी पाहिजे होती. माणसांना गाळा सापडायचा नाय. चौथी शिकलेली होती, तिने दोन चिठ्ठ्या लिहून माझ्या हातात दिल्या. एक पेंटरची, एक वाण्याची. "डाव्या खिशात पाटीची, उजव्यात वाण्याची. बाल्या, घोळ घालू नको." मी म्हटलं, वयनी, मी काय लहान हाय काय. मग वाटेत चहा प्यायला उतरलो, सुट्टे शोधायला दोन्ही खिसे रिकामे केले आणि परत भरले.

सलीमभाई पेंटर पूर्वी लूमवर होता, आता पाट्या रंगवायचा. मराठी माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं वाचायचा. त्याने चिठ्ठी वाचली, मला वरून खालपर्यंत बघितलं. "यही लिखना है? पक्का?"

मी म्हटलं, "वयनीने लिख्या है. शंका मत काढो."

"बोर्ड छोटा है. पूरा नहीं आयेगा."

"जितना आयेगा उतना लिखो."

तो भला माणूस. त्याने आपल्या मनाने शेजारी एक बरणी पण काढून दिली. मी पाटी घेऊन निघालो. वाण्याकडे गेलोच नाय, कारण सामने सुरू व्हायची वेळ झाली होती. गेलो असतो तर घोळ तिथेच उघडा पडला असता. शिडी लावून मी स्वतः पाटी ठोकली, चार खिळे, भक्कम. बरणी उलटी दिसत होती. मला वाटलं, लोणचं वाढतानाची काढलीये.

पेणचा टेम्पो आला. पहिला माणूस उतरला, वर बघितलं आणि खालीच बसला. दुसरा मान वाकडी करून वाचायला लागला आणि त्याला ठसका लागला. वाण्याच्या चिठ्ठीत पहिला शब्द होता लोणचं, पुढे मसाला, हिंग, मोहरी. सलीमभाईच्या फळीवर बरणी काढल्यावर जेवढं मावलं तेवढं होतं, लोण. ज्यांना कबड्डी माहीत नाय त्यांना सांगतो, सगळा संघ बाद झाला की त्याच्यावर लोण चढला म्हणतात. यापेक्षा वाईट मैदानात काही नसतं. आणि आमच्या दारावर पाहुण्यांचं स्वागत होतं तेच, तेही उलटं.

वयनी हात पुसत बाहेर आली. मी शिडीवरच राहिलो, खाली तिच्या हातात पळी होती. तिने पाटी वाचली. मग म्हणाली, "बाल्या, रेघ वर असते रे. सरळ कर." बस, एवढंच. मी खिळे उपटायला लागलो तर खालून म्हणाली, "आता नाव पडलंच हाय तर ऐका रे. ज्याच्यावर लोण चढंल त्याची माणसं माझ्याकडे पहिल्या पंगतीला. वर लोणचं जास्ती. जिंकलेला थांबंल. त्याचं पोट तसंही भरलेलं असतं."

तेव्हापासून माणसं 'वयनीकडे' म्हणायची बंद झाली, 'लोणवर उतरलो' म्हणायला लागली. हरलेला संघ मैदानातून मान खाली घालून निघायचा, पण त्याची माणसं गाळ्यात छाती काढून शिरायची. पहिली पंगत त्यांची. पालघरचा एक म्हातारा तर मला म्हणाला, आमची पोरं हरली ते बरं झालं, मला चारची गाडी हाय.

आणि या बाईने सामना कधी बघितला नव्हता. एकही. मैदानात बाया बसत नव्हत्या. ती भिंतीच्या अलीकडे, सामना पलीकडे. भिंतीतून ओरडा यायचा त्यावरून ती सांगायची, "वसईवर चढला. बिरडं वाढ पहिलं." कधी चुकली नाय. मी आतून सामना बघून यायचो आणि चुकायचो.

मंडळ महिलांचे सामने ठेवायचं नाय. अध्यक्ष तिचे दीर, भास्करभावजी. दरवर्षी त्यांचं एकच, पोरींबरोबर त्यांच्या आया-मावश्या येणार, त्यांना उतरायला जागा कुठे? एका वर्षी वयनी मंडळाच्या मीटिंगला चहा घेऊन गेली आणि कप ठेवून तिथेच उभी राहिली. "भावजी, गाळा अर्धा करते. मधे भिंत घालते. बाया माझ्याकडे."

गाळ्याचा अर्धा हिस्सा भावजींचा होता, आणि तो भाड्याने मागायला गोडाऊनवाला रोज त्यांच्या दारात. ते म्हणाले, "वयनी, बघायला कोण बाई येणार हाय? पोरींचा एक सामना ठेवतो, बायांची एक रांग भरून दाखवा. एक. नाय भरली तर माझा हिस्सा गोडाऊनला, मग तुमची पाटी तुमच्या घराला लावा."

सगळे हसले. मी पण हसलो, सवयीने. वयनीने माझ्याकडे बघितलं, तेव्हा थांबलो.

मग तिने मला भोंगा बांधून टेम्पो दिला. "गणेशपुरीपासून कशेळीपर्यंत फिर. सांग, मैदानात हळदीकुंकू हाय." मी म्हटलं, सामने नाय सांगायचे? ती म्हणाली, "सामन्याला बाई निघाली तर घरात चार जण विचारतात. हळदीकुंकवाला निघाली तर कोण विचारतो काय?" मी दोन दिवस ओरडत फिरलो. घसा बसला. दापोड्याच्या जवळ आल्यावर मी हळदीकुंकवाच्या जागी 'हळदीसमारंभ' सांगायला लागलो, त्यामुळे तीन घरची माणसं कोणाचं लग्न ते विचारायला आली. आली ती आली, बसली पण.

सामन्याच्या दिवशी वयनी सकाळपासून सारखी दाराशी जाऊन रस्ता बघत होती. मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं. भाकऱ्या थापता थापता एकदाच म्हणाली, "बाल्या, रांग नाय भरली तर पालघरच्या पोरींबरोबर येणाऱ्या बाया कुठे उतरतील रे?" मी उगाच टेम्पो पुसायला गेलो.

दुपारी बाया आल्या. आधी दोन, मग सहा. मग गणेशपुरीची एसटी आली आणि अख्खी एसटी आमच्याच मैदानात उतरली. मग नऊवाऱ्या, बुरखे, लूमवाल्यांच्या बायका, कडेवर पोरं. रांग भरली. दुसरी भरली. पूर्वेची सगळी बाजू भरली आणि पुरुषांना उठून उभं राहावं लागलं. भास्करभावजींची खुर्ची एका गरोदर बाईने घेतली. अध्यक्ष दिवसभर उन्हात उभे होते, आणि मी त्यांना नेऊन ताक दिलं. मुद्दाम दोनदा.

हळदीकुंकू दुसऱ्या बायांनी लावलं. वयनी विधवा, ती लांब उभी होती, वाण म्हणून लोणच्याची पुडी वाटत. पालघरच्या एका पोरीची आई उठली, वयनीच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं आणि तिला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. शिट्टी झाली. पोरगी चढाईला गेली आणि आमची वयनी, जिने आयुष्यभर भिंतीतून सामना ऐकला, ती खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, "धर गो तिला. अगं पाय धर." मी विचारलं, वयनी, आपण कोणाच्या बाजूने? म्हणाली, "दोघींच्या. गप बस."

मधली भिंत आजपण हाय. बायांची बाजू आता पुरुषांच्या बाजूपेक्षा मोठी झालीये, भिंत तीनदा सरकली. सरकवायला भावजी स्वतः घमेली उचलत होते.

शेवटच्या वर्षी वयनीला उठवत नव्हतं. मी शेजारी बसायचो. एकदा तिने परातीतल्या पिठात बोटाने काढून दाखवलं. हा ल, त्याला काना, वर मात्रा. हा ण. "एवढं तरी शिक बाल्या. तुझ्यामुळेच पडलंय नाव."

गेल्या आठवड्यात सामने झाले, वयनीशिवाय पहिले. राजेशने पाटी उतरवून सलीमभाईकडे दिली होती, रंग उडाला होता म्हणून. मला वाटलं, आता फोटो येईल, मोठं नाव येईल. आली तर तीच फळी, तीच बरणी, तीच दोन अक्षरं. सलीमभाई म्हणाला, "और कुछ लिखने की जगह ही नहीं थी." राजेशने शिडी माझ्यापुढे ठेवली. खाली शहापूरच्या बाया उभ्या होत्या, त्यांच्या पोरींवर दोन लोण चढले होते, डोळे लाल. मी वर गेलो. आधी रेघेवरून हात फिरवला. वर होती. मग वाचलं. ल ला काना, मात्रा, ण. मोठ्याने वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. बाया हसायला लागल्या, आणि हसत हसत आत शिरल्या, पहिल्या पंगतीला.