पेन्शनचा सराव

दुपारी तीनच्या सुमाराला म्हसळ्याच्या टपालकचेरीत वितळलेल्या लाखेचा, ओल्या डिंकाचा आणि तापलेल्या कौलांचा मिळून एक वास भरून राहतो, आणि तो नाकात शिरला की घड्याळाकडे न पाहताही मला कळते, की टपालाची थैली बांधायला आता पाऊण तास उरला. तीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची अकरा वर्षे माझे दिवस या वासाने मोजले गेले आहेत. खिडकीच्या गजांतून समोरच्या डोंगराचा एक तुकडा दिसतो. श्रावणात तो हिरवागार असतो, माघात पिंगट होतो आणि चैत्रात त्यावर वणव्याचे काळे पट्टे उमटतात. ऋतू माझ्यापर्यंत पोचतात ते असे, गजांपलीकडून.

पोस्टमास्तर म्हटला की लोकांना तो कचेरीचा धनी वाटतो. खरे तर कचेरीच्या दावणीला बांधलेले ते एक जनावर असते, फक्त त्याला चष्मा असतो. इथल्या मोहल्ल्यातली निम्मी तरुण मुले बोटींवर गेलेली आहेत, त्यांची पत्रे रंगूनहून येतात, आफ्रिकेच्या बंदरांवरून येतात, आणि त्यांच्या आया खिडकीशी येऊन विचारतात, “मास्तरसाब, खत आला का?” साऱ्या जगाचे शिक्के माझ्या बोटांखालून गेले, पण बोट उचलून मी कुठे गेलो नाही. माझे जाणे एकाच ठिकाणी व्हायचे, तेही मनाने. ते ठिकाण म्हणजे नागावची आमची वाडी.

पेन्शन झाल्यावर तिथे मी काय करणार, याचा विचार करण्यात मी नोकरीची जवळजवळ वीस वर्षे काढली. रद्द झालेल्या छापील फॉर्मांच्या पाठीवर तो विचार लिहूनही ठेवीत असे. पहाटे रहाटाची करकर ऐकत अंथरुणात पडून राहणे. उजाडल्यावर समुद्राकाठी फिरणे. मग पोफळींच्या सावलीत खाट टाकून वाचन, दुपारी निद्रा, संध्याकाळी काहीही नाही. ‘काहीही नाही’ याच्यापुढे मी वेळ घातली होती: पाच ते सात. माझी पत्नी तेव्हा हयात होती. तिने तो कागद एकदा वाचला आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, की मला राग आला. “अहो, काही न करायलासुद्धा तुम्हांला वेळापत्रक लागतं!” ती म्हणाली. मी तो कागद तिच्या हातून ओढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पाच ते सातच्या जागी साडेपाच ते सात केले.

ती गेल्यानंतर त्या कागदांचाच काय तो मला आधार उरला. गेल्या फाल्गुनात, पेन्शनला अकरा महिने राहिले असताना, मी साठलेली रजा मागून घेतली. या सुखाचा आधी थोडा सराव करून पाहावा, असे माझ्या मनाने घेतले होते. खाडीतून होडी, मग आगबोट, मग बैलगाडी असे करीत मी नागावला उतरलो, तेव्हा वाडीत आंब्याच्या मोहराचा आणि भिजल्या मातीचा गंध दाटला होता आणि रहाट चालू होता.

रहाट चालवणारा माझा धाकटा भाऊ नारायण. आमची वाडी शे-सव्वाशे पोफळींची आणि थोड्या माडांची. समुद्र इतका जवळ, की जमिनीत अर्धी वाळू. पावसाळा सरला की अशा वाडीला एक दिवसाआड शिंपणे लागते, ते थेट पुढच्या पावसापर्यंत. बैल विहिरीभोवती फिरतो, रहाटाचे लोटे वर येऊन दोणीत रिते होतात, आणि ते पाणी पाटाने आळ्याआळ्यात फिरवायला एक माणूस फावडे घेऊन उभा असावा लागतो. आम्ही दोघे लहान असताना शाळेचे मास्तर आबांकडे, म्हणजे आमच्या वडिलांकडे, आले होते. दोन्ही पोरे हुशार आहेत, म्हणाले, एकाला तरी अलिबागला इंग्रजी शाळेत घाला. आबांनी आम्हा दोघांकडे बराच वेळ पाहिले. मी थोरला, अंगाने किरकोळ. नारायण नऊ वर्षांचा, पण फावडे पेलू लागला होता. मला अलिबागला धाडले, आणि त्याची शाळा तिसरीत सुटली.

पहिले आठ दिवस मी कागदाबरहुकूम सुख भोगले. पहाटे तो करकरता आवाज कानी पडे, आणि अर्धवट झोपेत मला वाटे, की आपण पुन्हा आबांच्या घोंगडीत आहोत. नवव्या दिवशी मात्र दुपारी तीनला मी खाटेवर ताडकन उठून बसलो. हाताला काम नव्हते, आणि छातीत थैली बांधायची घाई मात्र तशीच होती. उरलेले दिवस मी वाडीत येरझारा घातल्या. कुंपणापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून कुंपणापर्यंत. समुद्रावर गेलो तरी नजर क्षितिजावर न ठरता आगबोटीच्या वेळा शोधी. मोकळ्या वाऱ्यात उभा राहूनही मला गुदमरल्यासारखे होई आणि त्याची लाजही वाटे.

अशात एका सकाळी नारायण माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला. काही मागायचे असले की तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरतो, ती त्याची लहानपणची सवय. “दादा, महाडला लेकीकडं नातवाचं जावळ हाय,” तो म्हणाला. “तू हायस तवर जाऊन यीन म्हनतो. पाच दिस.”

मी आनंदाने हो म्हणालो. एक तर मला काम हवे होते, आणि दुसरे असे, की वाडी सांभाळणे मला अवघड वाटत नव्हते. जाताना त्याने पाण्याबद्दल एकच गोष्ट सांगितली, “पानी मागंल तसं दे.” त्या वाक्याचा अर्थ कचेरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला कसा कळावा? मी खिशातले घड्याळ काढले, आळ्यांच्या रांगा मोजल्या आणि प्रत्येक रांगेला बारा मिनिटे असा न्याय्य हिशेब बसवला. पक्षपात नको, खोळंबा नको. बारा मिनिटे झाली की पाट मोडून पुढच्या रांगेत. घामाने निथळत, पायांना चिखल लागलेला, असा मी त्या पाच दिवसांत खरोखर सुखी होतो. पेन्शनीत करायचे काम मला सापडले, असे मी स्वतःला सांगितले.

नारायणाची बायको घरी राहिली होती. थोरल्या दिराच्या जेवणाखाण्याला कोणी हवे म्हणून ती स्वतःच्या नातवाच्या जावळाला गेली नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती ताट ठेवते आणि दाराआड होते. पंचवीस वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. शिंपण्याच्या दिवशी ती मागल्या दारात उभी राही. बांगड्या वाजवी, खाकरे, आणि उंबऱ्यावर बसलेल्या मांजरीला म्हणे, “अगं मने, शेवटाला पानी पोचत न्हाय गं. वाळूच पिऊन टाकते समदं.” बाई एकटी आहे, मांजरीशी बोलते, असे वाटून मला तिची कणव आली. तिसऱ्या शिंपण्याला ती मांजरीला जवळजवळ ओरडूनच सांगत होती, आणि मी घड्याळाकडे पाहत होतो.

सहाव्या दिवशी दुपारी नारायण आला. घरात न शिरता, खांद्यावरची पिशवीही न उतरवता, तो तडक वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला गेला. मी मागोमाग गेलो, शाबासकी घ्यायला. तिथे गेल्या वर्षी लावलेली पोफळीची वीसेक कोवळी रोपे होती. त्यांची पाने कागदासारखी वाजत होती. विहिरीजवळच्या रांगांत पाणी तुंबून शेवाळ धरले होते, आणि इथे, पाटाच्या शेवटी, वाळू तव्यासारखी तापली होती. नारायणाने मातीत पायाचा अंगठा रोवला, मग गुडघ्यांवर बसून दोन रोपे हलवून पाहिली. ती मुळासकट हातात आली.

तो चिडला असता, तर मला बरे वाटले असते. प्रवासाच्याच कपड्यांनिशी त्याने बैल जुंपला आणि ऊन कलेपर्यंत त्या टोकाला पाणी देत राहिला. मी घड्याळ खिशात घालून विहिरीच्या कठड्याजवळ उभा होतो. लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली कसली तरी भीतीही होती, जिला मला अजून नाव देता येत नव्हते.

बैल सोडल्यावर तो माझ्याजवळ येऊन टेकला आणि आपण होऊन महाडच्या गोष्टी सांगू लागला. लेकीचे घर सावित्रीच्या काठी आहे. जावळ पहिल्याच दिवशी आटोपले. उरलेला वेळ तो ओसरीवर बसून होता. “दादा, नदी आपलीआपन जाते रं,” तो म्हणाला. “कुनी बैल न्हाय, लोटे न्हाय, पाट फोडायचा न्हाय. दिसभर बघत बसलो. लेक म्हनली, बाबा, जेवायला उठा. मी म्हनलो, थांब जरा.” तो हसला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, “तुझी पेन्शन झाली की माझी व्हईल, असं मी धरून चाललोय. तू इथं. मी एक उन्हाळा तिथं. एकच. मग हायेच मी रहाटाला.”

वीस वर्षे मी माझ्या सुखाच्या चित्रात जो रहाटाचा आवाज भरीत आलो, तो कोणीतरी चालवल्याशिवाय निघत नाही, हे मला कधी सुचलेच नव्हते. त्या चित्रात खाट होती, सावली होती, समुद्र होता, नारायण नव्हता. आणि तो मात्र इतकी वर्षे, फावडे हातात धरून, माझ्याच पेन्शनचे दिवस मोजीत होता. आई गेली तेव्हा तिच्या अस्थी नाशिकला नेल्या त्या मी. तो चैत्र होता आणि नारायणाला वाडी सोडता येत नव्हती. त्या वेळी मी त्याला पत्रातून कर्तव्यावर चार ओळी लिहिल्या होत्या.

उरलेल्या दिवसांत मी त्याच्याकडून शिंपणे शिकायचा प्रयत्न केला. पाणी आळ्यात शिरताना वाळूचा आवाज बदलतो म्हणे. त्याला तो पाठ वळवूनही ऐकू येई, मला कान लावूनही येईना. कंबर धरली, तळहातांना फोड आले. “यील हळूहळू,” तो म्हणे, आणि मला एखाद्या लहान मुलाला द्यावा तसा धीर देई. निघायच्या दिवशी तो गाडीबरोबर कुंपणापर्यंत चालत आला. “नक्की येशील ना, दादा?” मी येईन म्हणालो. गाडी वळली, आणि पुढचे दहा महिने आयुष्यात पहिल्यांदाच मला थोडे वाटले.

त्याला आता सहा महिने होऊन गेले. परवा वरिष्ठांचा कागद आला: प्रकृती ठीक असल्यास एक वर्षाची मुदतवाढ मिळू शकेल, इच्छा असल्यास महिनाअखेर कळवावे. मी तो वाचला, आणि माझ्या अंगावरून गार वाऱ्याची झुळूक गेल्यासारखे झाले, हे मी लपवीत नाही. ज्या कचेरीला मी तुरुंग म्हणत आलो, तिच्या गजांना धरून राहावेसे मला वाटले. प्रकृतीची सबब, खात्याची अडचण, वरिष्ठांचा आग्रह, असे नारायणाला पटेल ते सगळे मनात रचूनही झाले. त्याला ते पटलेही असते. त्याला माझे सगळेच पटत आले आहे.

काल त्याचे पत्र आले. तिसरीत सुटलेल्या शाळेचे मोठे, वेडेवाकडे अक्षर, आणि दोनच ओळी. लेकीला कळवले आहे, पुढल्या उन्हाळ्यात येतो; तिने नदीकडची ओसरी मोकळी केली. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले, मला आलेले हे पहिले पत्र. हजारो पत्रे चाळलेल्या या बोटांना ते पुन्हा पाकिटात घालता येईना.

दोन्ही कागद माझ्यापुढे आहेत. वरिष्ठांच्या कागदावर मी अजून काही लिहिलेले नाही. सुटका कशी असते याची चित्रे काढण्यात माझी उमर गेली, आणि आता कळते, की आमच्या घरात ती एकाच माणसापुरती होती. आबांनी ती, शाळेचे मास्तर आले त्या दिवशी, आम्हा दोघांकडे बराच वेळ पाहून मला दिली. आणि तिलाच मी तीस वर्षे कोंडवाडा म्हणत आलो.