झिरो डेचा बांगडा

"मॅडम, रिव्ह्यूअरने पेपर परत हाणलाय."

सुशांत दारात उभा. बगलेत लॅपटॉप, तोंड सुतकी. मी फिशरीज कॉलेजातून रिटायर झाले तरी पीएचडीवाली पोरं माझ्याच दारात येऊन आदळतात. सोमवारी त्याचा सेमिनार होता. बाहेरचा एक्झामिनर येणार आणि त्याने नाही म्हटलं, तर तीन वर्षं पाण्यात.

रिव्ह्यूअर म्हणजे आपल्याच विषयातला अनोळखी तज्ज्ञ. पेपर छापण्याआधी तो 'पीअर रिव्ह्यू' करतो, म्हणजे चुका काढतो. त्याचं नाव कळू देत नाहीत. बरंच आहे, नाहीतर मारामाऱ्या होतील.

सुशांतचा विषय सोपा होता. कोकमाच्या पाण्यात बुडवलेला बांगडा बर्फात जास्त दिवस टिकतो का? उत्तर येत होतं, नाही. कोकमवाला आणि साधा, दोन्ही लगेच खराब. रिव्ह्यूअरने लिहिलं होतं, 'असं का, ते समजत नाही. भाषाही सुधारा.'

मी भाषेवर तुटून पडले. एक वाक्य अकरा ओळींचं! त्याचे सहा तुकडे केले. स्लाइड्स चौसष्ट होत्या. "अरे, एवढ्यात लग्न लागून पंगत उठते!" त्या बारावर आणल्या. शिवाय पोरगा भिंतीकडे बघून बोलायचा.

"माणसांसमोर बोलायची सवय कर," म्हटलं आणि त्याला समुद्रकाठच्या पूर्णगडला शेवंतामावशीकडे नेलं. ती मासे विकते, मी तिचं जुनं गिऱ्हाईक. पडवीत ती आणि तिच्या दोन जावा बसल्या. सुशांतने पहिला फोटो लावला.

"ह्यो कधीचा बांगडा?" मावशीने विचारलं.

"झिरो डे, मावशी. म्हणजे प्रयोगाचा पहिला दिवस. एकदम ताजा."

"शिरा पडो तुझ्या ताज्यावर! डोळे बघ कसे आत गेलेत. दोन दिस तरी झालेत त्याला. घेतलास कुठनं?"

"हातखंब्याला, हायवेच्या नाक्यावर. गावाहून येताना तिथेच उतरतो ना..."

तिघी अशा हसल्या की शेजारीण बघायला आली. सुशांत डोंगराकडच्या गावचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासे येतात ते हातखंब्याहूनच! समुद्र हाकेवर असून हा पठ्ठ्या हायवेवरून मासे घेऊन समुद्राकडे यायचा.

मीही हसले. मग लाजच वाटली. तो फोटो मी दहादा पाहिला होता आणि त्याच्या खालचा फॉन्ट बदलला होता.

सोमवारपर्यंत प्रयोग परत होणं शक्य नव्हतं. "खरं सांगून टाक," मी म्हटलं. सेमिनारमध्ये त्याने दुसऱ्याच स्लाइडवर सांगितलं, "सर, माझे मासे सुरुवातीलाच शिळे होते."

एक्झामिनरने चष्मा काढला.

"हे कोणी पकडलं?"

"पीअर रिव्ह्यूमध्ये, सर."

"कुठल्या जर्नलच्या?"

"पूर्णगडच्या."

आधी त्यांना कळेना. कळलं तेव्हा पाणी पिता पिता ठसका लागला. सुशांतला सहा महिने वाढवून मिळाले. मासे थेट होडीवरून घेतल्यावर कोकमाने खरंच फरक दाखवला आणि पेपर छापून आला. आभारांत मावशीचं नाव आहे.

वाक्यं मागाहून सरळ करता येतात. शिळा मासा ताजा करायची सोय अजून विज्ञानात निघालेली नाही.