पाच शब्दांची तयारी

वैद्यकीय संशोधनावर आमच्या मामांइतका विश्वास खुद्द संशोधन करणाऱ्यांचाही नसेल. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मूळ साक्रीकडचे, जळगावच्या एसटी स्टँडवर गाड्यांचा पुकारा करण्यात नोकरी संपवली आणि पिंप्राळ्यात घर बांधलं. पेपरात हृदयाबद्दल काही छापून आलं, की त्या दिवशी मामींच्या स्वयंपाकाचं वाटोळं ठरलेलं. मेंदूला चालना मिळावी म्हणून डाव्या हाताने दाढी करण्याचा प्रयोग त्यांनी हनुवटी चार ठिकाणी कापेपर्यंत चालवला. ऐन हिवाळ्यात सगळं जळगाव भरितावर तुटून पडलेलं असताना मामा बिनतेलाचं भरीत पुढ्यात घेऊन सुतकात असल्यासारखे बसायचे. "संशोधनमा सिद्ध व्हयेल शे," एवढंच म्हणायचे.

अशा माणसाकडे खरंखुरं संशोधन चालून आलं. एका मेडिकल कॉलेजने म्हाताऱ्या माणसांचं हृदय आणि मेंदू वर्षानुवर्षं तपासायचं ठरवलं आणि त्यात मामांचं नाव लागलं. दर सहा महिन्यांनी एक डॉक्टरबाई घरी यायच्या, रक्तदाब घ्यायच्या, पाच शब्द सांगायच्या आणि थोड्या वेळाने तेच परत विचारायच्या. मामांनी ही चक्क परीक्षा मानली. मामांचे मित्र नानाही या तपासणीत होते आणि बाई आधी दोन गल्ल्या पलीकडे त्यांना तपासत. नानांना विचारलेले शब्द मी स्कूटरवरून आणायचे आणि मामांनी घोकायचे, असा आमचा बेत. त्याच फेरीत नानांची रक्तदाबाची एक गोळीही यायची, ती मामा बाई पोचण्याआधी गिळून टाकायचे. मला तेव्हा मजा वाटायची. एकदा म्हटलं, "मामा, ही लबाडी कशाला?"

"जवाईबापू, उद्या पुस्तकमा छापतीन. खान्देशना माणूस नापास दिसाले नको."

मामींना मात्र काहीतरी खटकत होतं. दूध उतू जायचं आणि मामा समोर उभे राहून नुसते बघायचे. सख्ख्या बहिणीचं नाव अडायचं. मामी डॉक्टरबाईंना सांगायच्या, बाई कागद बघून म्हणायच्या, "अहो, सगळे शब्द बरोबर आलेत, दाबही छान आहे." मामा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायचे आणि मीही हसायचो.

मग धुळ्याच्या लग्नाला निघालेले मामा जामनेरच्या गाडीत बसले. आयुष्यभर लोकांना गाड्या सांगणारा माणूस जामनेरच्या स्टँडवर लग्नघर विचारत फिरत होता. कंडक्टरने फोन केला, मी जाऊन आणलं.

पुढच्या वेळी मी डॉक्टरबाईंना दारातच सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "आम्ही त्यांना ठणठणीत धरून चाललो होतो. दाब तेव्हाच आवरला असता, तर मेंदूची झीज कदाचित थोडी लांबली असती. दोन वर्षं गेली हो."

त्या दिवशी मी शब्द आणले नव्हते. मामांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. पाचांपैकी एकही शब्द त्यांना आठवला नाही. बाई गेल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून मामाच म्हणाले, "आज जमनं नही, जवाईबापू. मनले लाई लेऊ नका."

मला रडू आवरलं नाही. त्यांना वाटलं, मी त्यांच्या नापास होण्यावर रडतोय.

आता मी गेलो की ते लगबगीने उठून खुर्ची पुढे करतात आणि "बसा साहेब," म्हणतात. मामी माझी ओळख सांगायला लागतात. मी त्यांना थांबवतो आणि बसतो.