आबांच्या टोपीपेक्षा उंच खुर्ची

भरताची वांगी भाजल्याचा वास आला की मला जळगावचं आमचं तेव्हाचं स्वयंपाकघर आठवतं. तिथं आबा, म्हणजे माझे वडील, आणि मी पाटावर बसून आधी जेवत असू. बायको मागाहून, रांगत्या मुलीला मांडीवर आवरत गार भाकरी खाई. बरेच महिने हे निमूट बघितल्यावर मी एकदाचा बाळाची उंच खुर्ची पाहायला बाजारात गेलो. दुकानदार शेठ म्हणाला, "भाऊ, लाकडी न्या, नातवंडंही बसतील." मी लोखंडी नळ्यांची, सर्वांत स्वस्त, घडीची उचलली, आबा रागावलेच तर ती दाराआड लपवता आली असती. बिजागरीत बोट चिमटत नाही ना, तेवढं तपासलं. जेवायच्या वेळी मुलीला तिच्यात बसवलं आणि तेव्हा कुठे ध्यानात आलं, आम्ही जमिनीवर, आणि तिचे पाय आबांच्या टोपीपाशी लोंबताहेत. "बठ्ठासना डोकावर पोर बसाडी का रे?" सगळ्यांच्या डोक्यावर पोर बसवली म्हणून आबा अहिराणीत कडाडले. माझा हात खुर्ची मिटायला गेला आणि थांबला. "ती इथंच राहील, आबा. हिच्या आईलाही गरम जेवू द्या," असं म्हणून मी बायकोचं ताट माझ्याशेजारी मांडलं. ती बसली. आबा अर्ध्या ताटावरून उठले. आता तीही घाबरून उठेल असं मला वाटलं, पण तिनं हात लांबवून तव्यावरची दुसरी भाकरी घेतली. वडील अर्धपोटी उठले याची बोच मला अजून आहे. त्या दुसऱ्या भाकरीबद्दल मात्र मी आजवर कुणाची माफी मागितलेली नाही.